पूड तळाला बसते

टोमॅटोवर फवारणी असली की औषध कालवायचं काम आमच्या घरात बायकोचं. मी पंप पाठीवर घेऊन सरीत शिरायचो आणि ती बांधावर ड्रमापाशी बाभळीची काठी घेऊन उभी राहायची. बुरशीच्या औषधाची पूड पाण्यात मिसळल्यासारखी दिसते, पण हात थांबला की तळाला बसते. मग अर्ध्या वावराला नुसतं पाणी मिळतं आणि अर्ध्याची पानं करपतात. मी पंप भरायला आलो आणि बोलत उभा राहिलो की ती म्हणायची, "तोंड चालू द्या, पन पंप भरा. पूड बसतीय खाली."

तिला जाऊन वर्ष होत आलं. आमच्या लेकीचं गणित, चौकातला फ्लेक्स आणि बायकोचं दुखणं, या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. गावानं तो लावला. कसा लावला ते मला लिहून ठेवायचंय. माझं शिक्षण सातवीपर्यंत. चुकलं तर कुणी सांभाळून घ्यायची गरज नाही. चूक ती चूक.

आमचं गाव कळंबच्या पुढं, आंबेगाव तालुक्याच्या कडेला. शीव ओलांडली की जुन्नर तालुका. लेक एकुलती एक. कॉलेजला जुन्नरला एस.टी.नं जायची. परतीची गाडी चुकली की बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात बसायची. दुकान जैन शेठचं. त्यांचे वाडवडील राजस्थानातून आले, पण शेठची मराठी आमच्यापेक्षा चोख. ते तिला स्टूल द्यायचे, काट्याजवळचा दिवा लावून द्यायचे, आणि ती गुळाच्या ढेपांशेजारी बसून गणितं सोडवायची. पुढं ती पुण्याला गेली, एम.एस्सी. झाली आणि त्याच गणितात पीएच.डी. करायला लागली. गावात लोक विचारायचे, "आण्णा, पोरगी काय करती सध्या?"

"गणित करती."

"अजून सुटलं न्हाई व्हय?"

मी हसायचो. मलाही तेच वाटायचं. एकदा मी तिला नीट विचारलं. ती म्हणाली, "आण्णा, पाण्यात धातूची अगदी बारीक पूड मिसळलीय. त्याच पाण्यात डोळ्याला न दिसणारे जीव पोहतायत. ते पाणी कसं वाहील, किती तापेल, याचं गणित."

"कुठल्या पाण्यात?"

"कुठल्याच नाही. कागदावरच्या."

मी पुढं विचारलं नाही. मला वाटलं, कागदावरच्या पाण्यात कुणी बुडत तर नाही.

मग तिचा लेख परदेशातल्या मासिकात छापून आला. आईला दाखवायला तिनं तो फोनवर आणला. सगळा इंग्रजी, आणि ओळीओळीला चिन्हं, आकड्यांवर आकडे चढलेले. आमच्या चौकात एक कार्यकर्ता आहे. कुणाचाही वाढदिवस असो, फ्लेक्स लावणारा हाच. त्यानं लेख मागून घेतला. फोनमध्ये इंग्रजीचं मराठी होतं म्हणे. लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की अशा पाण्याचा उपयोग यंत्रं थंड ठेवायला होऊ शकतो आणि कर्करोगाच्या उपचारातही होऊ शकतो. गड्यानं यंत्रं सोडली आणि कर्करोग धरला.

आठवडा गेला नाही तोवर चौकात फ्लेक्स उभा. 'कर्करोगावर औषध शोधणाऱ्या आपल्या गावच्या सुकन्येचे हार्दिक अभिनंदन.' लेकीचा फोटो आधार कार्डावरचा, चोर धरल्यासारखा. कार्यकर्त्याचा फोटो गॉगल लावलेला आणि तिच्या फोटोच्या दुप्पट. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यातल्या अर्ध्यांना ती काय शिकलीय ते ठाऊक नव्हतं आणि उरलेल्यांना तिचं नावही नीट येत नव्हतं.

शनिवारी ती एस.टी.तून उतरली, फ्लेक्स बघितला आणि तशीच कार्यकर्त्याकडं गेली. मी चहाच्या टपरीवर होतो, म्हणून ऐकलं.

"भाऊ, हे काढा. मी औषध शोधत नाही."

"ताई, आमी काय पदरचं लिवलंय का? तुमच्याच लेखात हाय. पहिली वळ."

"ती ओळ तशी नसते हो."

"मंग कशी असती?"

त्याला कसं सांगावं ते तिला सुचलं नाही. तो म्हणाला, "आन् काढायचा कशाला? गावाचं नाव व्हतंय. निदान माझ्या वाढदिवसापोत्तर ऱ्हाऊ द्या. त्याच बांबूवर पुढचा लावायचाय."

टपरीवरचे सगळे हसले. लेक हसली नाही.

बायकोला मात्र तो फ्लेक्स लई आवडला. ती अक्षर लावून लावून वाचणारी. चौकात कधी न जाणारी बाई मिठाचा पुडा आणायला चौकातून जायला लागली. उन्हाला हात धरून उभी राहायची आणि वाचायची. दर वेळी पहिल्यापासून.

मग घरी फायली यायला लागल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या. कुणाचा भाऊ, कुणाची सासू. लेक घरी असली की ओट्यावर बसून एकेकाला सांगायची, माझ्याकडं औषध नाही, मी डॉक्टर नाही. माणसं ऐकायची, मान हलवायची आणि जाताना कोथिंबिरीची जुडी ठेवून म्हणायची, "ताई, आमचं ध्यानात ऱ्हाऊ द्या." नाही म्हणणं त्यांना आमची रीत वाटायची. आमच्याकडं माणूस जेवायला बसतानाही आधी नको म्हणतो.

कांदाकाढणी चालू होती तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हितं गाठ लागतीय." काखेजवळ, छातीला. जुन्नरच्या डॉक्टरनं हात लावला आणि पुण्याला पाठवलं. पुण्यात सुई घालून तपासलं. डॉक्टरीण तरुण होती, सरळ बोलणारी. म्हणाली, कॅन्सर आहे. ती बाजू काढावी लागेल, नंतर सलाईनमधून औषधं. आत्ता केलंत तर आशा चांगली आहे. थांबू नका.

परतताना बायको खिडकीशी बसली होती. मंचर मागं पडलं तेव्हा म्हणाली, "मी थांबते."

"कशासाठी?"

"पोरीचं औषध निघतंय की. कापून घेतल्यावर निघालं तर काय परत चिकटवनार हाय का?"

मी तिथंच, गाडीत, चार लोकांत म्हणालो, तुझ्या पोरीकडं औषध नाही. ती म्हणाली, "तुमाला काय ठावं? तुमी सातवी." पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला तेव्हा ती त्यालाच म्हणाली, "आमची लेक शोधतीय. चौकात लागलंय."

लेक धावत आली. तिनं समजावलं, रडली, शेवटी ओरडली. बायको तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "मोठी मानसं आधी न्हाईच म्हनत्यात. झालं म्हंजी बोलत्यात." लेक जितकं नाही म्हणे तितकं हिला ते हो वाटे. एकदा तर म्हणाली, "मला कापायला घालायचंय म्हनून खोटं बोलती." शेजारणीला सांगायची, "दुसऱ्यांना रांग लावावी लागती. आमचं घरातच हाय."

तिला कापून घ्यायचं भ्या होतं, हे मला कळत होतं. बाईमाणूस, त्यातून जन्मभर कुणाला अंग न दाखवलेली. फ्लेक्सनं तिच्या त्या भ्याला एक चांगलं नाव दिलं. डॉक्टरणीचा फोन दोनदा आला. मी काय सांगणार? गाठ वाढतच होती. ती त्या बाजूला पदराची एक घडी जास्त घ्यायला लागली. आंबा उतरला, पेरण्या झाल्या, टोमॅटोची रोपं लागली आणि बाई थांबूनच.

एका दुपारी जुन्नरहून शेठ आले. भाड्याची गाडी करून, हातात फाईल. लेक तेव्हा पुण्याचं काम टाकून आईपाशीच राहिली होती. शेठ ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भाऊ, धाकट्या सुनेला निघालाय," ते मला म्हणाले. मग लेकीकडं वळले. "ताई, तू आमच्या दुकानात बसून शिकलीस, म्हणून हक्कानं आलो. पहिला नंबर लाव असं म्हणत नाही. पण नंबर तरी लाव."

"शेठ, माझ्याकडं काही नाही हो. वहिनींच्या रिपोर्टमधलं एक अक्षर मला कळत नाही. मी गणित करते."

तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. "ती लाजती, शेठ. फाईल ठिवून जावा. आमी पन थांबलोय."

"तुम्ही कशासाठी थांबलाय, वहिनी?"

तिनं सांगितलं. गाठ, सुई, पुण्याची डॉक्टरीण, सगळं. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. शेठनी कप खाली ठेवला. थोडा वेळ लेकीच्या तोंडाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "सख्खी आई थांबलीय म्हणजे काहीतरी असणारच. आम्ही येत्या आठवड्यात ऑपरेशन ठरवलं होतं. पुढं ढकलतो मग."

लेक ताडकन उठली. तिचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. "नाही शेठ. बसा. आई, तूपण बस. मी सगळं सांगते. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग काय करायचं ते करा."

ती आत गेली आणि फवारणीची पूड आणि एक काचेची बरणी घेऊन आली. बरणीत पाणी घेतलं, चिमूटभर पूड टाकली, हलवली आणि ओट्यावर ठेवली.

"ही पूड. माझ्या गणितातली पूड याच्यापेक्षा कितीतरी बारीक. केसाच्या जाडीवर रांगेनं कितीतरी बसतील. धातूची. पाण्यात ती असली की पाणी उष्णता लवकर वाहून नेतं. नुसत्या पाण्यापेक्षा लवकर."

"बरं," बायको म्हणाली.

"पण पूड गोळा होते. आणि?"

"आन् तळाला बसती." बरणीत ती बसतच होती. बायकोचा हात आपोआप काठी शोधत पुढं झाला, ते मी बघितलं.

"हां. मग ती बसू नये म्हणून पाण्यात जीव सोडायचे. आपल्या शेततळ्याचं पाणी हिरवं होतं ना, त्यातले असतात तसले. दिसत नाहीत, पण पोहतात. त्यातल्या काहींचं बूड जड असतं. लोळवली तरी उभी राहणारी बाहुली असते ना जत्रेत, तशी. म्हणून ते कायम वर तोंड करून पोहतात. सगळे वर जातात, वर गर्दी होते, वरचं पाणी जड होतं, आणि ती गर्दी धारा लागल्यासारखी खाली येते. खाली आले की परत वर."

बायको ऐकत होती. "म्हंजी पानी आपलं आपन ढवळतंय. काठी नगं."

"हो!" लेक म्हणाली. "अगदी हेच, आई. अगदी हेच."

मी दोघींकडं बघत होतो. लेकीच्या तोंडावर घटकाभर उजेड आला. इतकी वर्षं ती जे करत होती ते घरातल्या माणसानं पहिल्यांदा समजून घेतलं होतं. आणि ते कशासाठी समजावून चाललं होतं, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. उजेड गेला.

"मंग हे जीव कुठं सोडलेस तू?" बायकोनं विचारलं. "पुन्याला बरनी हाय का?"

"नाही आई. कुठंच नाही. कागदावर. एक अक्षर लिहायचं आणि म्हणायचं, हे जीव."

"आन् पानी?"

"तेही अक्षर."

"तापतं कशावर?"

"एक पत्रा धरायचा. तो एका बाजूनं ताणत जातो. त्याला शेवट नसतो."

"शेवट नसलेला पत्रा कुठं मिळतो?"

शेठ हसले. तिच्यावर नव्हे, त्या पत्र्यावर. लेक म्हणाली, "कुठंच मिळत नाही. शेवट धरला तर गणित फार अवघड होतं, म्हणून नाही धरायचा."

"मंग सरतेशेवटी काय निघतं?"

"रेषा निघतात. पूड वाढवली तर पाणी किती तापेल, जीव वाढवले तर पूड किती वर राहील. कॉम्प्युटरवर काढायच्या. वाकड्या रेषा."

"आन् गाठ कुठं हाय त्यात?"

"गाठ नाही."

"आजारी मानूस?"

"माणूसच नाही, आई. कुठंच नाही."

"मंग ती पहिली वळ? फ्लेक्सवरची?"

लेकीनं मान खाली घातली. "ती सगळेच लिहितात. कधीतरी, कुणीतरी, असल्या पुडीनं गाठ जाळायचं बघेल, असं दुसरे लोक म्हणतात. त्यांच्या लेखात होती, म्हणून मी माझ्यात लिहिली. मागून दुसरा कुणी माझ्यातली लिहील."

ओट्यावर बरणी होती. वर निवळशंख पाणी आणि खाली पांढरा थर.

बायको म्हणाली, "मंग इतकी वर्सं पुन्यात बसून तू केलंस काय गं?"

"गणित केलं, आई."

बायकोनं शेठकडं बघितलं. शेठनी फाईल उचलून काखेत धरली, टोपी घातली. "भाऊ, निघतो. सुनेची तारीख पुढं नाही ढकलत." एवढं बोलून गेले. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

संध्याकाळी चूल पेटवताना बायको मला म्हणाली, "उद्या त्यो फ्लेक्स काढाया लावा. आन् पुन्याची गाडी बघा." आवाजात राग नव्हता. भांड्यात पाणी किती आहे हे बघून बोलावं तसं बोलली. मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

फ्लेक्स कार्यकर्त्यानं स्वतः काढला. बायको त्यापायी थांबली होती हे त्याच्या कानावर गेलं होतं. घडी करून घरी आणून दिला. गॉगल नव्हता. म्हणाला, "आण्णा, चांगला जाड हाय. कांद्यावर टाकायला व्हईल." मी त्याला शिव्या देणार होतो, पण तो रडत होता. रडणाऱ्या माणसाला शिव्या देऊन होत नाही. फ्लेक्स मी कांदे साठवायच्या बराखीवर टाकला. तिथला कागद फाटलाच होता.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, आधी आला असता तर बरं झालं असतं. मग आणखी तपासण्या. काखेत पसरलं होतं, यकृतात ठिपके होते. सलाईन चालू झालं. केस गेले, जिभेची चव गेली. ती आरशात बघायची नाही. लेक तिला आंघोळ घालायची. मला आत येऊ द्यायची नाही. एकदा दाराआडून ऐकलं, बायको तिला म्हणत होती, "ते वर जाऊन खाली येनारे जीव मरत न्हाईत का गं कधी?" लेक म्हणाली, "गणितात मरणं धरत नाही आम्ही." बायको म्हणाली, "बरं हाय की."

शेवटाला तिला घरी यायचं होतं. आणली. गेली तो दिवस अवकाळीचा. दुपारपासून आभाळ भरलं आणि तिला न्यायच्या वेळेला पाऊस झोडपायला लागला. आमच्या स्मशानभूमीचे पत्रे मागच्या वादळात उडालेत, ते अजून बसवलेले नाहीत. लाकडं भिजायला लागली. कुणीतरी धावत जाऊन आमच्या बराखीवरचा फ्लेक्स ओढून आणला आणि चौघांनी चार टोकं धरून चितेवर ताणला. छापलेली बाजू खाली आली.

अग्नी लेकीनं दिला. एकुलती एक, दुसरं कोण देणार? एकदोन म्हातारे कुरकुरले. मी त्यांना म्हणालो, पटत नसंल त्यांनी घरी जावा. मडकं खांद्यावर घेऊन ती फिरली. वर बघितलं तर वर तिचाच फोटो आणि ती अक्षरं. आईच्या तोंडावर बरोबर. तिनं बघितलं. मी बघितलं. चार टोकं धरणाऱ्यांनीही बघितलं असणार, त्यातला एक तो कार्यकर्ताच होता. उलटा करायला वेळ नव्हता, लाकडं भिजत होती. आग धरली तशी उष्णता वर गेली आणि फ्लेक्स आकसायला लागला. प्लॅस्टिक तिच्या अंगावर गळेल म्हणून मी ओरडलो, तेव्हा त्यांनी तो ओढून चिखलात टाकला. आग तोवर पुरती लागली होती.

शेठ सुतकात भेटायला आले होते. त्यांची सून बरी आहे. कामाला लागली, डोक्यावर केस आले. ते सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती. मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. दोन्ही झालं, म्हणून दोन्ही लिहितो.

लेकीनं महिनाभर कागदाला हात लावला नाही. मग एक दिवस बसली. थीसिस लिहायचा राहिला होता. पहिल्या पानावरची ती ओळ तिनं काढून टाकली. तिच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "अगं, राहू दे. ती ओळ कोण वाचतं?" लेक म्हणाली, "वाचतात, मॅडम." दुसरं काही सांगितलं नाही.

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर असते. नातेवाईक मागं बसू शकतात. मी धोतर-टोपीत मागं बसलो. लेक भिंतीवर पडलेल्या वाकड्या रेषा दाखवून इंग्रजीत बोलत होती. परगावचे एक सर आले होते. त्यांनी मराठीत विचारलं, बहुतेक माझ्याकडं बघून. "याचा उपयोग काय? सगळे लिहितात, तुम्ही लिहिलेला नाही."

"यंत्रं थंड ठेवायला पुढं होऊ शकेल, सर. माणसाला आज काही नाही."

सरांनी तिच्याकडं बघितलं, काहीतरी लिहिलं आणि पुढचं विचारलं. ती पास झाली. सगळ्यांना पेढे वाटले. मी एक पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत विसरलो की तो कुणाला द्यायचा नाहीये.

कार्यकर्ता परत आला. "आण्णा, ताई डॉक्टर झाल्या. आता तर लावूच. काय लिवायचं ते तुमी सांगा." मी म्हणालो, डॉक्टर हा शब्द तर अजिबात लिहू नको. तो हळूच म्हणाला, "मंग ऱ्हाऊ द्या." फ्लेक्स लागला नाही. लेक आता पुण्याला एका कॉलेजात गणित शिकवते. शनिवारी येते.

मागच्या पंधरवड्यात, ती नसताना, एक बाई आली. भीमाशंकरच्या बाजूची, लांबच्या वाडीवरची. पायात स्लीपर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. कुणाच्या तरी फोनमध्ये फ्लेक्सचा जुना फोटो राहिला होता, तो बघत बघत विचारत आली होती. बहिणीला होतं. ती पुण्याच्या दवाखान्यात होती, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं.

"ताई कदी येनार?" तिनं विचारलं. "आमी थांबतो."

मी म्हणालो, "औषध न्हाई. कुनाकडंच न्हाई. जा, आजच पुन्याला जाऊन बहिनीचं आपरेशन करून घ्या."

तिनं मान हलवली. मी ती मान ओळखली. आमच्याकडच्या माणसाला नुसतं नाही म्हणून चालत नाही.

"बसा," मी म्हणालो. "सगळं सांगतो."

आत जाऊन बरणी आणली, पूड आणली. मला लेकीसारखं येत नाही. तरी जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. पूड, हिरवं पाणी, बूड जड असलेले जीव, शेवट नसलेला पत्रा. कागदावरचं पाणी. गाठ कुठंच नाही, माणूस कुठंच नाही. मग फ्लेक्स कसा लागला ते सांगितलं. मग माझी बायको त्याच फ्लेक्सखाली जळली, तेही सांगितलं. बाई बरणीकडं बघत होती. पूड बसली होती.

"तुमच्या मालकिनीनं किती दिस वाट बघितली?" तिनं विचारलं.

"लई."

ती उठली. मी तिला मोटारसायकलवर कळंबच्या स्टॉपवर सोडलं आणि मंचरच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ती माझ्याकडं बघत होती. औषध आत कपाटात आहे आणि म्हातारा देत नाही, असं बघत होती का खरंच तिला पटलं होतं, मला सांगता येणार नाही. मंचरला उतरून तिला दोन गाड्या मिळत होत्या. एक पुण्याची आणि एक घोडेगावकडून घरची. ती कुठल्या गाडीत बसली ते मला कळायला मार्ग नाही. फोन नंबर घ्यायचं सुचलं नाही.

घरी आलो. बरणी ओट्यावरच होती. विसळून जागेवर ठेवली.